मूत्रपिंडापर्यंतची वाट

आपल्या जुन्या गावांतून धान्य साठवण्यासाठी पेवे असत. पेवाचे तोंड लहान, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे. पोट मात्र मोठे. त्यात उतरणाऱ्याला तीन चिंता असत. आत काळोख, तेव्हा दिसणार कसे? आत दाटी, तेव्हा हात हलवायला जागा कुठली? आणि आतला माल एवढ्याशा तोंडातून वर काढायचा कसा? तोंड फोडून मोठे करावे, असे मात्र कुणाच्या मनात येत नसे. कारण तोंड फोडले की पेव कामातून गेले.

माणसाच्या शरीरातून मूत्रपिंड, म्हणजे आपण ज्याला किडनी म्हणतो ते, काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा याच तीन चिंतांचा इतिहास आहे. फरक एवढाच, की डॉक्टरांना पहिली सुमारे सव्वाशे वर्षे पेवाचे तोंड फोडूनच काम करावे लागले. लहान तोंडातून ते काम करता येते, हे १९९० साली सिद्ध झाले. ते कसे झाले आणि त्याचा तुमच्या-आमच्या घराशी काय संबंध, हे आज पाहू.

आधी हा अवयव असतो कुठे ते सांगतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, एकेक मूत्रपिंड असते. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. एवढासा हा अवयव, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या जोडीकडे जातो. त्याला रक्त पुरवणारी धमनी थेट शरीराच्या मुख्य धमनीतून फुटलेली असते; ती सुटली तर काही क्षणांत घात होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे कामाला येईल. आतडी ज्या पातळ पिशवीत असतात, त्या पिशवीच्या आत मूत्रपिंड नसते. ते तिच्या मागे, पाठीच्या बाजूला, चरबीच्या मऊ गादीत बसलेले असते.

निसर्गाने ते असे जपून ठेवले आहे खरे, पण त्यामुळेच तिथे पोचणे अवघड. कुशीवर वीतभर किंवा त्याहून लांब छेद घ्यायचा, कातडीखालचे स्नायूंचे थर एकामागून एक कापायचे, कधी शेवटच्या बरगडीचा तुकडाही काढायचा, तेव्हा कुठे मूत्रपिंड दिसणार. म्हणजे रोग्याला दोन जखमा होत: एक कामाची आणि एक वाटेची. कामाची जखम लहान, वाटेची मोठी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली गत. रोगी पुढे आठवडेच्या आठवडे जे दुखणे सोसत असे, ते बहुतेक वाटेच्याच जखमेचे.

पण मुळात मूत्रपिंड काढून माणूस जगतो, हे तरी कुणाला ठाऊक होते? १८६१ साली अमेरिकेत वॉलकॉट नावाच्या डॉक्टरांनी यकृताची गाठ समजून पोट उघडले आणि जे काढले ते निघाले मूत्रपिंड. तो रोगी काही दिवसांनी दगावला. जाणूनबुजून, विचार करून ही शस्त्रक्रिया पहिल्याने केली ती जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सायमन यांनी.

त्यांच्याकडे एक ४६ वर्षांची बाई आली होती. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिची मूत्रनलिका दुखावली होती. मूत्रपिंडातले मूत्र मूत्राशयात न जाता भलत्याच वाटेने सारखे झिरपत राही. अंगावरचे कपडे ओले, अंगाला दुर्गंधी, माणसांत बसण्याची सोय नाही. ज्या बाईवर हा प्रसंग येतो तिचे काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. सायमन यांनी ते छिद्र बुजवण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. यश आले नाही. एकच उपाय उरला: त्या बाजूचे मूत्रपिंडच काढून टाकणे.

इथे या डॉक्टरांचे मोठेपण दिसते. त्यांनी घाई केली नाही. आधी कुत्र्यांची एकेक मूत्रपिंडे काढून पाहिली. उरलेले एक मूत्रपिंड सारे काम अंगावर घेते आणि प्राणी धडधाकट जगतो, याची खात्री करून घेतली. मग मृतदेहांवर सराव केला. पोटाची पिशवी न फाडता पाठीमागून मूत्रपिंडापर्यंत कसे पोचता येईल, ती वाट हाताला पक्की करून घेतली. त्यानंतरच, २ ऑगस्ट १८६९ रोजी, क्लोरोफॉर्मची गुंगी देऊन त्यांनी त्या बाईचे मूत्रपिंड काढले. जखम चिघळण्याचे ते दिवस. जंतूंचा बंदोबस्त करण्याची विद्या नुकती कुठे जन्मली होती. तरी बाई वाचली, बरी होऊन घरी गेली. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो, हे त्या दिवशी जगाला कळले. आज कुणी आपल्या भावाला मूत्रपिंड देते, त्या दानाचा पाया हायडेलबर्गच्या त्या खोलीत घातला गेला.

वाट मात्र मोठीच राहिली. ती लहान करण्यासाठी पेवाच्या तिन्ही चिंता एकेक करून सुटाव्या लागल्या. गंमत अशी, की त्या सोडवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात मूत्रपिंड नव्हतेच.

पहिली चिंता उजेडाची. १८०६ साली जर्मनीतल्या फिलिप बोझिनी नावाच्या तरुण डॉक्टरांनी एक पेटी केली. आत मेणबत्ती, तिच्यामागे आरसा आणि पुढे शरीराच्या पोकळीत घालायची नळी. व्हिएन्नाच्या वैद्यकमंडळींनी ती खेळण्यात काढली. बोझिनी पस्तिशीतच वारले. पण शरीरात उजेड नेऊन डोळ्यांनी पाहावे, ही कल्पना मेली नाही. १८७७ ते ७९ च्या सुमारास माक्स निट्झे यांनी मूत्राशयात डोकावण्याची दुर्बीण तयार केली. तिच्या टोकाशी विजेने तापवलेली प्लॅटिनमची तार उजेड देई, आणि ती भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळवावे लागे! पुढे एडिसनचा दिवा आला, तसा त्याचा बारीक भाऊ या नळीच्या टोकावर बसला.

पण दिवा आत आणि उष्णताही आत, ही अडचण होतीच. दिवा बाहेर ठेवून नुसता उजेडच आत नेता आला तर? १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. हे कपानी आपल्या पंजाबातल्या मोग्याचे. अशाच तंतूंतून पुढे शरीरात थंड उजेड जाऊ लागला. हॉपकिन्स यांनी पुढे दुर्बिणीच्या नळीत छोट्या भिंगांऐवजी काचेचे लांब दांडे बसवले. त्याबरोबर आतले चित्र कितीतरी उजळ आणि स्वच्छ दिसू लागले.

दुसरी चिंता जागेची. पोटात अवयव एकमेकांना चिकटून असतात. नळी घातली तरी दिसणार काय? १९०१ साली हॅम्बुर्गच्या सभेत गेओर्ग केलिंग यांनी एका कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरली आणि नळीतून आतले अवयव दाखवले. तंबूत बांबू उभा केला की कापड वर उचलले जाते आणि आत वावरायला जागा होते ना, तसेच हे. १९१० साली स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी माणसांच्या पोटात असे डोकावल्याचे प्रसिद्ध केले. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरण्याची रीत नंतर पडली. तो पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. हा वायू भरायची सुई हंगेरीच्या वेरेश यांनी १९३० च्या दशकात क्षयाच्या रोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी केली होती. तिचे टोक आत शिरताच एक बोथट दांडी स्प्रिंगने पुढे येते, म्हणजे आतला अवयव टोचला जात नाही. छातीसाठी केलेली सुई पोटाच्या कामी आली. विद्या अशीच चालते. एकाने लावलेल्या झाडाखाली दुसराच विसावतो.

उजेड झाला, जागा झाली. तरी दुर्बीण बरीच वर्षे पाहण्यापुरतीच राहिली. सर्जनने मात्र तिच्याकडे पाठ फिरवली होती. कारण नळीला डोळा लावून बसायचे, एक हात त्यातच अडकलेला, आणि आत काय चालले आहे ते मदतनिसाला दिसतच नाही. जर्मनीत कील इथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांना व्यवसायबंधूंची शाबासकी मिळण्याऐवजी टीकाच सोसावी लागली. १९८५ साली त्याच देशात एरिक म्यूहे यांनी पित्ताशय काढले. त्यांचीही गत तीच झाली. त्याच सुमारास दुर्बिणीला इवलासा कॅमेरा जोडला गेला आणि पोटातले चित्र टेलिव्हिजनच्या पडद्यावर आले. आता चार माणसे एकच चित्र पाहून चार हातांनी काम करू लागली. तिथून वारे फिरले.

आपल्याकडेही कुणी झोपलेले नव्हते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोटातला रोग पाहत होते. १९९० च्या मे महिन्यात त्यांनी तिथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती पहिलीच अशी शस्त्रक्रिया. हातावर पोट असलेल्या माणसाला चार दिवस लवकर कामावर जाता येणे, यातच या विद्येची खरी किंमत आहे, ही त्यांची दृष्टी होती.

आता उरली तिसरी चिंता. पित्ताशय ही पिशवी. आतला रस काढला की ती चिमते आणि बोटभर छिद्रातून निघते. मूत्रपिंड भरीव. ते सोडवले तरी बाहेर कसे यायचे? त्यासाठी शेवटी मोठा छेद घ्यायचा असेल, तर मग हा सारा खटाटोप कशाला?

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरी, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयात, राल्फ क्लेमन, लुई कावूसी आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाच्या मागे होते. सायमन यांनी कुत्र्यांवर केले, ते यांनी डुकरांवर केले. सराव झाला, अवजारे झाली. उपाय असा निघाला, की सोडवलेले मूत्रपिंड पोटातच एका चिवट पिशवीत घालायचे, पिशवीचे तोंड छिद्रातून बाहेर ओढून घ्यायचे आणि पिशवीच्या आतल्या आत मूत्रपिंडाचे बारीक तुकडे करून ते शोषून घ्यायचे. २५ जून १९९० रोजी एका ८५ वर्षांच्या वृद्धेचे उजवे मूत्रपिंड त्यांनी या रीतीने काढले. त्यात ३ सेंटिमीटरची गाठ होती. मूत्रपिंडाचे वजन १९० ग्रॅम. ते निघाले सुमारे ११ मिलिमीटरच्या छिद्रातून. आपल्या करंगळीच्या जाडीएवढी ती वाट!

वेळ किती लागला? जवळजवळ सात तास. पोट उघडून तेच काम दोन-तीन तासांत होत असे. तेव्हा कुणी म्हणेल, "यात मिळवलं काय?" प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळांनी तो मनातल्या मनात केलाही असेल. पण नव्या वाटेवर पहिली बैलगाडी नेणाऱ्याला वेळ लागायचाच. वाट रुळली की मागचे भराभर येतात. तसेच झाले. थोड्याच वर्षांत वेळ निम्म्याच्याही खाली आला.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. कर्करोगाची गाठ असेल तर मूत्रपिंडाचे असे तुकडे आता सहसा करत नाहीत. गाठ कुठवर पसरली हे तपासायला ते अखंड हवे असते. म्हणून ते पिशवीत घालून, ओटीपोटावर लहानसा छेद घेऊन सबंध काढतात. वाट थोडी मोठी होते, पण कुशीवरच्या जुन्या जखमेपेक्षा ती कितीतरी सोसवते.

आता आपल्या मुंबईची गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत आवडते. मूत्रपिंड पोटाच्या पिशवीमागे असते, हे मघाशी सांगितले ते आठवा. सेंट लुईसची वाट पुढून, पोटाच्या पिशवीतून, आतडी बाजूला सारून जात होती. सरळ मागच्या दाराने, पाठीकडून का जाऊ नये? अडचण ही, की तिथे मोकळी पोकळी नाही. सगळी चरबी आणि चिवट जाळे. वायू सोडला तरी नीट जागा होत नाही. १९९२ साली मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले डॉ. दुर्गा गौर यांनी याचा उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी घेतले काय? शस्त्रक्रियेचा एक रबरी हातमोजा, एक रबरी नळी आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा हातपंप. हातमोज्याचा फुगा करून तो नळीवर बांधला, लहान छिद्रातून पाठीकडच्या चरबीत सरकवला आणि पंपाने फुगवला. फुग्याने चरबी हळूच बाजूला सारली, आणि जिथे पोकळी नव्हती तिथे ऐसपैस जागा झाली! कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात सापडेल अशा सामानातून निघालेली ही युक्ती जगभरच्या सर्जननी उचलली. पुढच्याच वर्षी, याच वाटेने मूत्रपिंड काढल्याचा वृत्तान्तही गौर यांनी प्रसिद्ध केला.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही युक्ती वर्गात दाखवण्याजोगी आहे. घडी घातलेल्या गोधडीच्या दोन पदरांत नळी लावलेला फुगा सरकवा आणि बाहेरून फुंका. पदर न फाटता कसे वेगळे होतात ते मुलांना दिसेल. शोध लावायला नेहमी महागडे यंत्रच लागते असे नाही, हेही त्यांना कळेल.

आता या साऱ्याचा तुमच्या घराशी संबंध कुठे येतो ते पाहा. रोगी शस्त्रक्रिया सोसतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. पण निरोगी माणसाने ती का सोसावी? २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. यशस्वी मूत्रपिंडरोपणाची सुरुवात तिथे झाली. देणारा भाऊ पुढे गणिताचा शिक्षक झाला आणि एका मूत्रपिंडावर आणखी ५६ वर्षे जगला! भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली रोपणाला यश आले. पण चाळीस वर्षे देणाऱ्याच्या कुशीवर तो मोठा छेद बसतच राहिला. ज्याला काहीही झालेले नाही, त्यानेच सर्वांत मोठी जखम सोसायची!

हा अन्याय कमी झाला तो १९९५ च्या फेब्रुवारीत. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे लॉइड रॅटनर आणि तेच लुई कावूसी यांनी दात्याचे मूत्रपिंड दुर्बिणीतून काढले. इथे तुकडे करण्याचा प्रश्नच नव्हता. मूत्रपिंड अखंड हवे, त्याच्या रक्तवाहिन्या शाबूत हव्यात, आणि रक्त तोडल्यावर ते काही मिनिटांत बाहेर यायला हवे. म्हणून सारे सोडवून ठेवायचे, लहानसा छेद तयार ठेवायचा आणि शेवटच्या क्षणी वाहिन्या बंद करून ते उचलायचे. ही रीत आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतूनही चालते. दात्याला वेदना कमी होतात, तो लवकर उठतो, लवकर कामाला लागतो.

आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांहून जास्त आहे. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते. चुलीपासून शेतापर्यंतचे काम तिची वाट पाहत असते. महिनाभर पडून राहण्याची चैन तिला कुणी देत नाही. कुशीवरची वीतभर जखम लहान होणे, ही तिच्या दृष्टीने काय गोष्ट आहे, याचा विचार करा. आणि जमल्यास हाही विचार करा, की द्यायची पाळी नेहमी तिच्यावरच का येते?

वाट लहान झाली म्हणून काम लहान झाले, असा मात्र गैरसमज करून घेऊ नका. बाहेरून तीन-चार छिद्रे दिसतात. आत तीच मोठी धमनी असते आणि तोच धोका. म्हणून शस्त्रक्रिया ठरली, की डॉक्टरांना तीन प्रश्न नि:संकोच विचारा. मूत्रपिंड काढायलाच हवे का, की नुसती गाठ काढून ते वाचवता येईल? दुसरे मूत्रपिंड धड आहे याची तपासणी झाली का? आणि अशा शस्त्रक्रियांचा इथे किती सराव आहे? चालू कामात अडचण आली आणि डॉक्टरांनी छेद मोठा केला, तर ते अपयश समजू नका. रोग्याचा जीव वाचवण्यासाठी घेतलेला तो शहाणपणाचा निर्णय असतो. मूत्रपिंड दिलेल्या माणसाने रक्तदाब आणि लघवी यांची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. गेला दिवस आपला म्हणून सोडून देऊ नये.

शेवटी एक इशारा. "लहानसं भोक पडेल, आठ दिवसांत घरी, हातात पैसे," असे सांगत कुणी दलाल कर्जबाजारी माणसाच्या दारात आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. विकणारा, घेणारा आणि जुळवून देणारा, सगळेच त्यात सापडतात. दीडशे वर्षे खपून ही वाट लहान केली गेली, ती माणसाचे दुखणे कमी व्हावे म्हणून. गरिबाच्या अंगातला माल गुपचूप बाहेर काढण्यासाठी ती कुणी वापरत असेल, तर ते पाहून गप्प बसणे आपल्याला शोभणार नाही.